सातबाऱ्यावर गावस्कर

बाप गेल्यावर पोराच्या नावावर काय काय चढतं ते तलाठी सांगतो. जमीन, विहिरीतला हिस्सा, सोसायटीचं थकीत कर्ज. पण बाप चांगला धडधाकट असताना, पोरगं धड बाराखडी शिकायच्या आत, ना अर्ज ना फेरफार, त्याच्या नावावर जे चढून बसतं त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. आमच्या सातबाऱ्यावर असा सुनील गावस्कर चढला. इतर हक्कांत गुंडाप्पा विश्वनाथ आणि थोडासा दिलीप वेंगसरकर.

नाव चढलं की बोजाही चढतो. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावस्कर पुरी ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ राहिला, हा तो बोजा. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी शाळेपासून आजतागायत या खटल्यात आरोपीचा वकील मीच. कपिलवाल्या घरातली पोरं मुद्दाम मधल्या सुट्टीत विषय काढायची आणि मी बाबांनी पढवलेली कैफियत मांडायचो. एक दिवसाचा खेळ तेव्हा नवा होता. ३३४ काही होणार नव्हते. मग विकेट कशाला फेकायची? इथपर्यंत आलो की सगळा वर्ग हसायचा. घरी येऊन मी बाबांवर चिडायचो. ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "आउट झाला का थो? नाई नं? मंग!"

आता बडनेऱ्यातल्या माणसानं मुंबईच्या गावस्करला दत्तक घ्यायचं कारण काय? बडनेरा हे जंक्शन. पूर्वेला नागपूर, पश्चिमेला अकोला, भुसावळ करत मुंबई, आणि मधूनच अमरावतीला जाणारा फाटा. रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती. बाबा रेल्वेत. त्यामुळे देशातला प्रत्येक मोठा माणूस कधी ना कधी आपल्या फलाटावरून गेलेला आहे अशी त्यांची पक्की समजूत. गावस्करही गेलेला आहे. थंडीचे दिवस, रात्रीची मेल, पहिल्या वर्गाचा डबा आणि आत तो झोपलेला.

"चेहरा पाह्यला?" मी विचारायचो.

चेहरा चादरीत होता.

"मंग वयखलं कसं?"

"पाय भाईर होते नं. फूटवर्क पाह्यलं."

खरं कारण असं की आम्हाला आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं. विदर्भाचा संघ होता, नाही असं नाही. तो १९५७-५८ साली रणजी करंडकात उतरला आणि पुढच्याच हंगामापासून मुंबईनं सलग १५ वेळा रणजी जिंकली. असा आमचा पायगुण. विदर्भाचा सामना म्हणजे पेपरच्या क्रीडापानावर तळाशी, जाहिरातीला जागा उरली नाही तर, चार ओळी. त्या चार ओळींत आपण डावानं हरलो की विकेटांनी हरलो एवढंच बघायचं असायचं. वडील माणसं ते न बघताच सांगायची.

म्हणून मग प्रेमासाठी मुंबई. हे प्रकरण वऱ्हाडात फार अवघड असतं. सोमवार ते शनिवार आमच्याकडे मुंबईला शिव्या घालायची रीत आहे. कापूस आमचा, गिरण्या तुमच्या. कोळसा आमचा, उजेड तुमचा. १९५३ चा नागपूर करार झाला तेव्हापासून आमच्या ओट्यांवर हिशेब चालू आहे, आणि १९८३ साली सरकारनं दांडेकर समिती नेमून त्या हिशेबाला अनुशेष असं सरकारी नाव दिलं. त्याच साली कपिलनं विश्वचषक आणला. त्या वर्षी आनंद करावा की अनुशेष मोजावा, असा पेच आमच्या गल्लीला पडला आणि गल्लीनं बहुमतानं अनुशेष मोजला. पण रविवारी ट्रान्झिस्टर लागला, बाळ ज. पंडितांचा आवाज खरखरला आणि समोर गावस्कर आहे असं कळलं की करार, कापूस, कोळसा, सगळं माफ. मुंबईचं सरकार आपलं नव्हे, मुंबईचा ओपनर आपला, असा तो तोडगा होता.

बाबांचं चिकटबुक अजून आहे. रेल्वेच्या कुठल्याशा बाद झालेल्या जाड रजिस्टरमध्ये खळीनं चिकटवलेली कात्रणं. तरुण भारत, लोकमत, अकोल्याचा मातृभूमी, पुढं पुढं संदीप पाटलांच्या एकच षटकारमधली रंगीत पानं. खळ आता वाळून पोपडे निघालेत, त्यामुळे कात्रणं सुटतात आणि पाठीमागचा मजकूर दिसतो. पुढं गावस्करचा स्क्वेअर ड्राइव्ह, मागं अकोला बाजारातले कापसाचे भाव. पुढं विश्वनाथचा लेट कट, मागं बोंडअळीवर फवारायच्या औषधाची जाहिरात. आजोबा हयात होते तोवर ते हे रजिस्टर उलट्या बाजूनंच वाचत. त्यांचं म्हणणं, गावस्करची सरासरी आणि कापसाचा भाव एकाच वर्षी चढल्याचं एकही पान या पुस्तकात नाही.

आजोबांचा वारसा वेगळा होता. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या या आखाड्याची पोरं १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकला जाऊन हुतूतू आणि आपल्या मातीतले खेळ करून दाखवून आली. त्याच ऑलिंपिकात ध्यानचंदच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ नं हरवलं. सगळ्या देशात बर्लिन म्हटलं की ध्यानचंद. आमच्या घरात बर्लिन म्हटलं की आधी हनुमान आखाडा, मग वेळ उरला तर ध्यानचंद. आजोबा स्वतः बर्लिनला गेले नव्हते. पण जे गेले होते त्यांनी ज्या विहिरीवर आंघोळ केली त्याच विहिरीवर आपणही केलेली आहे, हे ते दर मंगळवारी सांगत.

क्रिकेटमध्ये त्यांचा एकच माणूस. हेमंत कानिटकर. जन्म अमरावती, १९४२. पुढं ते महाराष्ट्राकडून खेळले, पुण्याचे झाले, ते सगळं आजोबांना नामंजूर. नाळ कुठं पुरली ते बघायचं. २२ नोव्हेंबर १९७४ रोजी बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध कानिटकर पहिली कसोटी खेळले. त्याच कसोटीत विव्ह रिचर्ड्स नावाचा एक मुलगाही पहिल्यांदा खेळत होता. रिचर्ड्सनं केल्या ४ आणि ३. कानिटकरांनी पहिल्याच डावात केल्या ६५. आजोबांनी रिचर्ड्सचं खातं तिथंच बंद केलं. पुढं सतरा वर्षं तो जगभरच्या गोलंदाजांना बडवत फिरला, त्याची वार्ता त्यांनी आपल्यापर्यंत पोचू दिली नाही. "बंगळूरले पाह्यला त्याले," ते म्हणायचे. "सात रन. दोन डाव मिळून." सामना आपण २६७ धावांनी हरलो होतो, पण तो भाग त्यांच्या आवृत्तीत नव्हता. कानिटकरांना एकूण दोनच कसोट्या मिळाल्या, यामागं अर्थातच मुंबई होती.

आता बाबांकडे वळू. वऱ्हाडातल्या एका विशिष्ट वयाच्या कुठल्याही पुरुषाला विचारा, ३१ ऑक्टोबर १९८७ ला तुम्ही कुठं होतात? तो नागपूरला होता. विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना, व्हीसीएचं सिव्हिल लाइन्समधलं मैदान, शनिवार. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, चांदूर, धामणगाव इथल्या तेव्हाच्या समस्त बापांची एकत्र मोजणी केली तर नागपूरच्या त्या मैदानाला कस्तुरचंद पार्क जोडूनही जागा पुरायची नाही. चेतन शर्मानं केन रुदरफर्ड, इयान स्मिथ आणि इवन चॅटफिल्ड यांच्या दांड्या ओळीनं उडवल्या. विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक. ती या सर्व बापांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिली.

आमच्या बाबांकडे मात्र तिकिटाचा अर्धा तुकडा होता. चिकटबुकात, पहिल्या पानावर. त्यामुळे आमच्या घरची साक्ष अस्सल. बाबा हॅटट्रिक करून दाखवत. बैठकीतला तक्क्या म्हणजे स्टंप, आतल्या दारापासून रनअप. पहिली दांडी, दुसरी दांडी, मग थोडं थांबून पाणी, मग तिसरी. कितीतरी पाहुण्यांनी ती हॅटट्रिक आमच्या बैठकीत पाहिली आणि नंतर त्यांच्याही आठवणीत ती नागपूरला पाहिली गेली.

पुढं कुणाच्या तरी साखरपुड्यात काकांनी पंगतीत भांडं फोडलं. काका आणि बाबा बरोबरच गेले होते. न्यूझीलंडचा डाव संपत आला, आता काही होत नाही, म्हणून बाबा पाणी प्यायला उठले. नळावर ही रांग. मागं एकदम गलका झाला. बाबा धावले, तर जिन्यात माणसंच माणसं. दुसरा गलका. कुणाच्या तरी खांद्यावरून बघायला टाचा उंचावल्या, तर समोर एक धिप्पाड सरदारजी उठून उभा. तिसरा गलका. म्हणजे बाबांनी इतिहासातली पहिली हॅटट्रिक मैदानात हजर राहून संपूर्ण ऐकली.

"मंग काय झालं?" बाबा म्हणाले. "गलका मीच पाह्यला नं?"

त्यानंतरचं मात्र त्यांनी खरंच पाहिलं, आणि ते हॅटट्रिकहून मोठं होतं. भारताला २२२ हव्या होत्या आणि त्या भराभर हव्या होत्या. गावस्करच्या अंगात ताप. त्या तापात त्यानं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. त्याच्या सबंध कारकिर्दीतलं एक दिवसाच्या सामन्यातलं हे एकुलतं एक शतक. सामना ३२.१ षटकांत खलास. ज्या आरोपीसाठी आमच्या घराण्यानं बारा वर्षं वकिली केली, तो नागपुरात, वैदर्भीय पंचांगाप्रमाणे शनिवारी, निर्दोष सुटला. आणि चेतन शर्मा? त्याच्यावर १९८६ च्या एप्रिलपासून शारजातल्या मियांदादच्या शेवटच्या चेंडूवरच्या षटकाराचा डाग होता. बाबांनी तोही त्याच दिवशी धुऊन टाकला. "नागपूरले येऊन पाप फिटते," ते म्हणतात. याच जोरावर ते दर वर्षी दीक्षाभूमीलाही जातात आणि ताजबागेलाही.

५ नोव्हेंबरला उपांत्य सामना वानखेडेवर. ग्रॅहम गूचनं स्वीप मारमारून ११५ केल्या, गावस्कर ४ वर त्रिफळाचीत, भारत बाहेर. बाबांचं म्हणणं आजही कायम आहे. हाच सामना नागपूरला ठेवला असता तर आपण जिंकलो असतो. पण सामने वाटताना विदर्भाला साखळीतला देतात आणि मुंबई उपांत्य स्वतःकडे ठेवते. दांडेकर समितीनं रस्ते मोजले, पाटबंधारे मोजले, शाळा मोजल्या. उपांत्य सामने मोजले नाहीत.

आईचा वारसा बाबांइतका गाजावाजा करणारा नव्हता, पण अचूक होता. एका सेकंदाचा शंभरावा भाग. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाला ५५.४२ सेकंद लागले आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या मुलीला ५५.४१. आईनं त्यावर कधी भाषण दिलं नाही. फक्त आम्हाला शाळेला, गाडीला, दुधाला कशालाही उशीर झाला की ती म्हणायची, "उषाचं काय झालं माहीत आहे नं?" अमरावतीची गाडी डोळ्यांदेखत सुटली की आजही मला केरळची एक मुलगी दिसते.

क्रिकेटमध्ये आईचं स्थान स्वयंपाकघरात होतं, आणि ते तिनं निवडलेलं नव्हतं. ती हात पुसत बैठकीत आली की विकेट पडते, हे आमच्या घरात कधीचं सिद्ध झालेलं. आपली बॅटिंग असली की तिला उंबरठा बंद. चहा खिडकीतून. त्यामुळे सचिनची निम्मी कारकीर्द तिनं कुकरच्या शिट्टीच्या पलीकडून ऐकली. पण समोरच्या संघाचा कुणी चिकटून बसला की उलट. "आई, ये नं जरा भाईर! सनथ जयसूर्या आउट होऊन नाही राह्यला." मग ती पदराला हात पुसत यायची, एक चेंडू पाहायची आणि विकेट घेऊन परत जायची. २१ मे १९९७ ला चेन्नईत पाकिस्तानच्या सईद अन्वरनं आपल्याविरुद्ध १९४ केल्या, तेव्हा आम्ही तिला हाका मारमारून थकलो. तिचे हात कणकेत होते. "शंभर झाले की येते" म्हणाली, आणि तेवढ्यात पोळ्या लाटायला घेतल्या. त्या विश्वविक्रमातले किमान ९४ रन आमच्या पोळपाटावर झालेले आहेत.

मामाकडचा वारसा चार पायांचा. मामाचं गाव तळेगाव दशासरच्या बाजूला, आणि तळेगावचा शंकरपट वऱ्हाडात प्रसिद्ध. मामाला खेळाडूंची नावं विचारली तर तो जोड्या सांगायचा, कुणाचा लाल्या, कुणाचा सर्जा, कुणाची जोडी किती सेकंदांत सुटली. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यती बंद केल्या तेव्हा मामा एखादा आवडता खेळाडू निवृत्त व्हावा तसा मुका झाला, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयानं परवानगी कायम केली तेव्हा भाच्यांना फोन करून करून सांगत होता, "आपले आले परत!" त्याच्या पोरांनी हा वारसा जसाच्या तसा घेतला. एक पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, पण स्क्रीनवर बैलजोडी आहे.

एकदाच असं झालं की आजोबा, बाबा आणि मी, तिघांचे वारसे एका चेंडूवर एकत्र आले. १८ जानेवारी १९९८, ढाका. पाकिस्तानच्या ३१४ धावांचा पाठलाग. शेवटची षटकं आली आणि लाइन गेली. वऱ्हाडात लाइन कधी जाते याचं शास्त्र ठरलेलं आहे, शेवटच्या तीन षटकांत. बाबांनी ट्रान्झिस्टर काढला, सेल दातानं दाबून घातले. दोन चेंडू, तीन धावा. गोलंदाज सकलेन मुश्ताक. स्ट्राइकवर कोण? हृषीकेश कानिटकर! आजोबा खाटेवर उठून बसले. हेमंतचा पोरगा. बापानं बंगळूरला पहिली कसोटी खेळली तेव्हा हा जेमतेम आठवड्याचा होता. खरखर, खरखर, आणि चौकार. गल्लीत अंधारातच आरडाओरडा झाला. आजोबांनी हात जोडून एवढंच म्हटलं, "अमरावतीनं जिंकून देल्लं." पोरगा जन्मानं पुणेकर आहे हे सांगायची हिंमत कुणाची नव्हती. पुढं या हृषीकेशला कसोट्या किती मिळाल्या? दोन. वडिलांना मिळाल्या तेवढ्याच. वारसा इतका तंतोतंत उतरलेला दुसरा दाखवा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. हरण्याची सवय पिढीजात, तक्रारी पिढीजात, नावं मुंबईची. आणि मग एका नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घोटाळा झाला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला विदर्भानं दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला. साठ वर्षांत पहिल्यांदा. आम्ही बाबांकडे पाहिलं, बाबांनी आमच्याकडे. जिंकल्यावर काय करायचं असतं, हे कुणी कुणाला शिकवलेलंच नव्हतं. मी चौकात जाऊन फटाक्यांची माळ लावली, तर शेजारच्यांनी दार उघडून "तुम्हालाही हॅपी न्यू इयर" म्हटलं.

त्यात याच अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीनं हॅटट्रिक घेतली. बाबा टीव्हीसमोर, तीस वर्षांनी नशीब उघडलेलं. पण ही हॅटट्रिक दोन षटकांत विभागलेली. एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दोन दांड्या उडाल्या आणि बाबा खुशीत पाणी प्यायला उठले. गुरबाणीच्या पुढच्या षटकाचा पहिला चेंडू पडला तेव्हा ते फ्रीजपाशी होते. आता त्यांच्या नावावर दोन हॅटट्रिकी आहेत, दोन्ही ऐकलेल्या.

दुसऱ्या दिवशी सावरून त्यांनी मुद्दा काढला. "कोच कोण? चंद्रकांत पंडित. मुंबईचा. शेवटी विजयाचा रन कोणाचा? वसीम जाफर. मुंबईचा. म्हंजे काय झालं?" म्हणजे मुंबईच जिंकली. मी म्हटलं, कॅप्टन फैज फजल नागपूरचा, आणि आपला उमेश यादव? खापरखेड्याकडच्या खाणकामगाराचा पोरगा, पोलिस भरतीत राहून गेला म्हणून भारताला मिळाला. बाबा म्हणाले, "पोलिसात लागला असता तं पेन्शन असती." २०१८-१९ ला विदर्भ पुन्हा जिंकला, आणि बाबांना हळूहळू पटायला लागलं की हे चुकून होत नाहीये.

खरी परीक्षा मार्च २०२४ ला. रणजीचा अंतिम सामना, विदर्भ विरुद्ध मुंबई, वानखेडेवर. आमच्या घरात तोवर डोंबिवलीची सून आलेली होती. माझी बायको. मला वाटलं, निदान आता तरी बाप-लेक एका पाटावर. पाहतो तर बाबा सुनेच्या बाजूच्या खुर्चीत. "काय करू?" ते म्हणाले. "पन्नास वर्षं गावस्करची मुंबई केली. आता म्हातारपणी पार्टी बदलू काय? मी काय आमदार हाव?" अक्षय वाडकरनं चौथ्या डावात शतक ठोकलं तेव्हा मात्र त्यांनी सुनेच्या नकळत मला डोळा मारला. आम्ही १६९ धावांनी हरलो. मुंबईचा हा ४२ वा करंडक. घरात बऱ्याच वर्षांनी ओळखीचं वाटलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या जामठ्यावर उपांत्य सामन्यात विदर्भानं मुंबईला ८० धावांनी हरवलं. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, "आमच्याकडे ४२ आहेत. एखादा गेला तर कळतसुद्धा नाही." श्रीमंतांना हरवण्यात मजा नसते ती अशी. पुढं अंतिम सामना केरळशी, आणि तिथं नवाच गोंधळ. २०१८-१९ चा करंडक ज्याच्या फिरकीवर आपण जिंकला तो आदित्य सरवटे आता केरळकडून खेळत होता, आणि आपल्याकडून शतक ठोकत होता कर्नाटकचा करुण नायर. आपला कोण आणि परका कोण? बाबांनी निवाडा दिला, "सरवटे आउट झाला तं आनंद करायचा नाई, नुसतं बरं वाटून घ्यायचं." पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाला आला.

मला धास्ती वेगळीच वाटू लागली होती. असंच जिंकत राहिलो तर पोरीला द्यायचं काय? ती जन्मली तेव्हापासून विदर्भ नुसता जिंकतोय. हरण्याचं बाळकडू नाही, अनुशेषाचं ज्ञान नाही. तिनं स्वतःहून बंगळूरचा आयपीएल संघ धरलेला, विराटपायी. त्यातही तिला एक गोष्ट आमच्यासारखी मिळाली, वर्षानुवर्षं करंडक न मिळाल्याचं दुःख. पण २७ मे २०२५ ला लखनौत अमरावतीच्या जितेश शर्मानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकून तेही अर्धं संपवलं, आणि ३ जूनला बंगळूरनं करंडकच जिंकला. आयपीएलला तमाशा म्हणणारे बाबा सकाळी पेपर घेऊन तिच्या खोलीत गेले. "आपल्या अमरावतीच्या पोट्ट्यानं कप आणला!" बंगळूर, जिथं कानिटकरांनी ६५ केल्या होत्या, ते आता रीतसर आपलंच गाव झालं.

मग जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडून खेळायला गेल्याची बातमी आली आणि पोरगी तणतणत बैठकीत आली. "आबा, आपले प्लेयर्स आपल्याकडे राहतच का नाहीत? हर्ष दुबेनं एका सीझनमध्ये ६९ विकेट्स घेतल्या, रणजीतला रेकॉर्ड, तरी टीव्हीवर सगळे मुंबईबद्दलच बोलतात!"

बाबांचा चेहरा असा उजळला की २०१८ लाही उजळला नव्हता. वंश बुडाला नव्हता. त्यांनी तिला शेजारी बसवलं, चिकटबुक मागवलं, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. नागपूर करार झाला. दांडेकर समिती झाली. हनुमान आखाड्याची विहीर झाली. बंगळूर कसोटीत रिचर्ड्स दुसऱ्यांदा आउट झाला तोवर पाऊण तास गेला होता आणि १९७५ चं लॉर्ड्स अजून यायचं होतं. ६० षटकं, एकही न गाळता.

पोरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून जोरात हाक मारली, "आजी, ये नं जरा भाईर! आबा आउट होऊन नाही राह्यले."